हमजाच्या दास्तानीतले खलनायक इतके मोठे कसे झाले?

‘चंद्रकांता’ मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, त्याला आता तीसेक वर्षं झाली. तिच्या नायकाचं नाव विचारलं तर मराठी घरांतली बहुतेक माणसं अडखळतात. क्रूरसिंहाबद्दल विचारावंही लागत नाही, समोरचा आपणहून ‘यक्कू’ करून मोकळा होतो. श्रेय ती भूमिका करणाऱ्या अखिलेंद्र मिश्रांचं आहेच. पण नायकाला बाजूला सारून खलनायकाने भाव खाऊन जायचा, ही चाल त्या मालिकेच्या कितीतरी आधीची. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी १८८८ सालची, आणि तिच्या पाठीशी उभी आहे अमीर हमजाची उर्दू दास्तान, म्हणजे रात्रीमागून रात्री सांगितली जाणारी लांबलचक वीरकथा. त्यातही ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा तिचा सगळ्यात गाजलेला भाग.

हमजा म्हणजे पैगंबरांचे काका, इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत मारले गेलेले. कथेतल्या हमजाचा या इतिहासाशी संबंध नावापुरताच. फारसी कथेतला हमजा इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारी जातो, राजकन्या मेहरनिगारच्या प्रेमात पडतो आणि बादशहाने घातलेल्या अटी पुऱ्या करत देशोदेशी हिंडतो. मुलगी द्यायची बादशहाच्या मनात नाही, म्हणून एक अट पुरी झाली की दुसरी तयार. हे विष कालवणारा माणूस म्हणजे वजीर बख्तक. त्याच्या वैराचं मूळ दोन पिढ्या मागे आहे. त्याचा आजा अलकश याने पुरलेल्या खजिन्याच्या लोभाने आपल्या जिवलग मित्राचा खून केला. त्या मित्राचा मुलगा म्हणजे हमजाचा पाठीराखा, शहाणा वजीर बुजुर्जमेहर. त्याने बापाचा सूड उगवला, आणि मग अलकशच्या मुलीच्या पोटी बख्तक जन्मला. म्हणजे पहिल्या पिढीचा खलनायक हा दरबारातला कारस्थानी माणूस. त्याला जादू येत नाही, त्याची ताकद राजाच्या कानाशी लागण्यात. असली माणसं ओळखायला कुणाला जादूच्या आरशाची गरज पडत नाही.

मधेच हमजा परीलोकात, काफ पर्वतावर जातो. तिथल्या राजाविरुद्ध देवांनी, म्हणजे राक्षसांनी, बंड केलेलं असतं. अठरा दिवसांत परत येतो म्हणून गेलेला हा वीर अठरा वर्षं अडकतो, आणि तिकडे आसमान परीशी लग्नही करून बसतो. इकडे मेहरनिगारला किल्ल्यामागून किल्ले बदलत सांभाळतो तो त्याचा बालमित्र अमर ऐयार. कथेचा तोल इथेच कलायला लागतो, असं मला वाटतं. नायक बाहेरगावी आणि गोष्ट चालवणारा दुसराच.

अमर हा हेर, बहुरूपी, चोर आणि विदूषक. त्याच्याकडे एक झोळी आहे, तिचं नाव जंबील. तिच्यात सगळं जग मावतं आणि तरी जागा उरते. पांघरलं की माणूस दिसेनासा होतो असं घोंगडं आहे, कितीही मोठं ओझं उचलणारं जाळं आहे. असं सगळं असून पठ्ठ्या कवडीकवडीसाठी जीव टाकतो. मेलेल्या शत्रूच्या अंगावरचे कपडेही सोडत नाही. हमजा याच्या नेमका उलट. तो पहिला वार करत नाही, पळणाऱ्याचा पाठलाग करत नाही, शत्रूने युद्धाचा नगारा वाजवल्याशिवाय आपला वाजवू देत नाही. हरलेल्याला आधी आपल्या बाजूला येण्याची संधी देतो. नियमाने बांधलेला असा माणूस आदरणीय असतो, पण रात्रभर गोष्ट ऐकवायला त्याचा फारसा उपयोग नाही. लबाड शत्रूवर लबाडीच चालते आणि ती हमजाला वर्ज्य. म्हणून सज्जनांच्या बाजूची सगळी लबाडी अमरच्या गळ्यात पडली.

ही कथा हिंदुस्थानात आल्यावर सगळ्यांना आवडली असं नाही. बाबराने आपल्या आठवणींत, कुणीतरी या कथेची नक्कल रचत बसला म्हणून त्याची टर उडवली आहे. त्याच्या मते ही बुद्धीला आणि निसर्गाला न पटणारी लांबलचक थाप. नातू अकबर मात्र तिच्या पायी वेडा होता. तो स्वतःही ती सांगत असे म्हणतात. साधारण १५६२ ते १५७७ या काळात त्याच्या चित्रशाळेने तिची सुमारे चौदाशे चित्रं केली, तीही कापडावर, जवळपास पाऊण मीटर उंचीची. इराणहून आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली इथल्या चित्रकारांनी हे काम केलं. आज त्यातली जेमतेम दोनशे उरली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली बरीचशी चित्रं १८८१ मध्ये श्रीनगरात सापडली. थंडी आत येऊ नये म्हणून ती खिडक्यांना लावलेली होती.

या चित्रांत दुसऱ्या पिढीचा खलनायक भेटतो, जमुर्रुद शाह ऊर्फ लका. हा राक्षसी देहाचा राजा स्वतःला देव म्हणवतो आणि त्याचे भक्तही त्याला देव मानतात. दाढीच्या केसाकेसात रत्नं ओवलेली. एका चित्रात तो विहिरीत पडलाय आणि बागेतले माळी त्याला चोर समजून बडवतायत. दुसऱ्या एका चित्रात हमजाकडून मार खाऊन तो जादूगारांनी पाठवलेल्या रांजणांवर बसून सैन्यासकट आकाशातून पळ काढतोय. पुढच्या उर्दू दास्तानीत या पळण्यालाही त्याच्याकडे उत्तर आहे: पराभव झाला, कारण तो व्हावा असं आपणच आधी नशिबात लिहून ठेवलं होतं! पळतानाही देवपण सुटत नाही. बख्तकचा मुलगा बख्तियारक त्याच्या दरबारी सैतानाच्या पदावर आहे. दरबारात सैतान हे रीतसर पद असावं, यातली गंमत त्या काळच्या श्रोत्यांना नक्कीच कळत असणार. लका भीतिदायक नाही, हास्यास्पद आहे. पण कथेच्या दृष्टीने अतिशय सोयीचा. तो पळाला की हमजाचं सैन्य त्याच्यामागे, आणि तो जिथे आसरा घेईल तिथे नवा राजा, नवा जादूगार, नवी लढाई.

दख्खनमध्येही ही कथा पोचली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी हमदानहून आलेल्या हाजी किस्साख्वान या कथेकऱ्याने हैदराबादेत तिची एक फारसी संहिता लिहिली. पण कथेने खरा पसारा मांडला तो उर्दूत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी १८०१ मध्ये उर्दू हमजा लिहिला. बाहेर तोंडी परंपरा जोरात होतीच. १८४७ च्या आपल्या ग्रंथात सर सय्यद अहमद खान दिल्लीच्या जामा मशिदीचं वर्णन करतात, तेव्हा उत्तरेकडच्या पायऱ्यांवर संध्याकाळी मोढ्यावर, म्हणजे बसक्या स्टुलावर, बसून हमजाची दास्तान सांगणारा किस्साख्वानही त्यात येतो. मिर्झा गालिब तर एका पत्रात खुशीत येऊन कळवतात, की हमजाच्या दास्तानीचा सहाशेक पानांचा ग्रंथ हाती आलाय, तेवढाच दुसराही आहे, कोठीत दारूच्या सतरा बाटल्या आहेत, तेव्हा दिवसा वाचायचं आणि रात्री प्यायची.

इथे सांगणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न येतो. दास्तानगोचं, म्हणजे दास्तान सांगणाऱ्याचं, कसब गोष्ट संपवण्यात नव्हतं, रोखून धरण्यात होतं. लखनौची एक ऐकीव हकिकत प्रसिद्ध आहे. प्रियकर-प्रेयसीमध्ये फक्त एक पडदा उरलाय, तो बाजूला झाला की भेट, अशा जागी कथा आणून एक उस्ताद गावाला गेला आणि शागिर्दाला म्हणाला, मी येईपर्यंत सांभाळ. शागिर्दाने कित्येक दिवस वर्णनं रंगवली, पण पडदा काही सरकू दिला नाही. खरीखोटी देव जाणे, पण यातून धंद्याचं गणित कळतं. श्रोता उद्या परत यायला हवा. नायक जिंकला की श्रोता घरी जातो, खलनायक शिल्लक राहिला की तो पुन्हा येतो. लकाला पळता येतं म्हणून तो टिकला, पण रात्रीमागून रात्री खिळवून ठेवायला त्याच्यात वजन नव्हतं. त्यासाठी लखनौने अफ्रासियाब घडवला.

‘होशरुबा’ ही हिंदुस्थानी निर्मिती. फारसी हमजात ती नाही. तिचा पाया घालण्याचं श्रेय मीर अहमद अली या लखनवी दास्तानगोला दिलं जातं. लका पळत पळत ज्या डोंगराळ मुलुखात आसरा घेतो, त्याच्या शेजारीच हे तिलिस्म, म्हणजे जादूने उभारलेलं अख्खं साम्राज्य आहे. त्याचा शहेनशहा अफ्रासियाब. हमजाचा मुलगा बदीउज्जमान शिकारीच्या नादात तिथे अडकतो आणि त्याला सोडवायला, ते तिलिस्म जिंकायला, हमजाचा नातू असद निघतो. सोबत अमर आणि त्याचे ऐयार. हमजा स्वतः बाहेर, लकासमोर तळ देऊन बसलेला.

या साम्राज्याचे तीन भाग आहेत: दिसणारं, लपलेलं आणि काळोखाचं. पहिल्या दोहोंमध्ये रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल, त्यावर धुराचेच दोन सिंह पहाऱ्याला. पुलावरून तीन मजली बुरूज उठतो. खालच्या मजल्यावर पऱ्या तुताऱ्या घेऊन उभ्या. मधल्या मजल्यावरून पऱ्या नदीत मोती फेकतात आणि मासे ते तोंडात धरून पोहतात. वरच्या मजल्यावर धिप्पाड हबशी दोन रांगांनी एकमेकांवर तलवारी चालवतायत, आणि त्यांच्या जखमांतून ठिबकणारं रक्त म्हणजेच ती नदी. एवढं वैभव हमजाच्या छावणीच्या वाट्याला कधी येत नाही. तिथे तंबू, नगारे आणि नमाज.

अफ्रासियाबही नुसता दुष्ट नाही. तो रसिक आहे, दरबारी अदब जाणतो, पत्नी हैरतवर जीव लावतो. जादूगारांचा देव सामरी याचा ग्रंथ उघडला की कुठे काय चाललंय ते त्याला कळतं. तरी अमर कधी नाचणारीच्या, कधी त्याच्याच विश्वासू जादूगाराच्या वेषात समोर येतो आणि त्याला गंडवून जातो. सर्वज्ञ माणूस पुन्हा पुन्हा फसतो, यावर कितीतरी रात्री निघतात. त्याचा एकेक सरदार मरतो तो प्रसंगही साजरा करावा असा: काळोख होतो, वादळ सुटतं, दगडांचा वर्षाव होतो आणि आकाशातून आवाज येतो, मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. युद्धात मेलेल्या साध्या सैनिकाला एवढा मान कुठला?

आणखी एक गोष्ट इथे नव्याने ठळक झाली. दुर्जनांच्या गोटातली माणसं बाजू बदलतात. जादूगारीण महरुख नातीच्या प्रेमापायी बंड करते, कारण ती नात, महजबीन, असदच्या प्रेमात पडलेली असते. हैरतची सख्खी बहीण बहारही फुटते. बहारचं अस्त्र म्हणजे फुलांचा गुच्छ. तो फेकला की वसंत अवतरतो आणि शत्रूचे सैनिक तिच्यावर लुब्ध होऊन वेडेपिसे होतात. सज्जनांच्या बाजूने खरी जादू लढते ती या फुटीर बायकांची. असद शूर असला तरी जादूपुढे त्याचं काही चालत नाही. पुष्कळदा तो कैदेतच असतो.

हे सगळं कागदावर आलं तेव्हा अवधचं राज्य बुडालेलं होतं. १८५६ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं, वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला, सत्तावन्न झालं. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत छापखाना काढला आणि १८८३ पासून पुढच्या काही दशकांत हमजाची दास्तान शेचाळीस खंडांत छापून निघाली, बहुतेक खंड नऊशे पानांच्या घरात. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे. मग मालकाशी बिनसलं आणि पुढचं काम अहमद हुसेन कमर यांच्याकडे गेलं. कमर साहेब स्वतःची थोरवी गातात आणि जाहांना टोमणे मारतात, तेही त्याच ग्रंथात! पानांवर मोबदला आणि वाचकांची मागणी असेल तर अफ्रासियाब लवकर मरेल कसा?

गेलेल्या दरबाराच्या आठवणीने अफ्रासियाबची शान रंगवली, असंही काही जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. लखनौचा रंग त्या वर्णनांत आहेच, पण रचनेची गरज त्याहून जुनी आणि जास्त व्यावहारिक वाटते.

खत्रींनी हीच दुनिया देवनागरीत आणली, पण जादू काढून. काशीच्या राजाकडून चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेला हा माणूस. तिथले पडके किल्ले आणि गुहा त्याने पाहिलेल्या. त्याच्या तिलिस्मात जिन नाहीत. कळ फिरवली की दार उघडतं, पुतळा हलतो तो आतल्या यंत्राने, आणि ऐयार बेशुद्धीची पूड वापरतात. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींमुळे जिन आणि जादूचे दिवे १८६० च्या दशकातच घरोघरी आले होते. हमजाची प्रचंड दास्तान मात्र आपल्याकडे तशी आली नाही, आली ती खत्रींच्या वळशाने आणि बरीच उशिरा, पडद्यावरून.

उर्दूतही तिचे दिवस फिरले. सुधारक मंडळींना ती पोरकट वाटली, कादंबरी आली. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली उतारवयात सुपारी विकत. १९२८ मध्ये ते गेले. नंतर उर्दू समीक्षक शम्सुर्रहमान फारुकींनी शेचाळीसच्या शेचाळीस खंड शोधून जमवले आणि त्यांच्यावर सविस्तर लिहिलं. त्यांच्याच नात्यातल्या महमूद फारुकी याने २००५ मध्ये दिल्लीत पांढऱ्या अंगरख्यात, दोन माणसं आणि एक गादी एवढ्यावर दास्तानगोई पुन्हा सुरू केली. सुरुवातीच्या प्रयोगांसाठी निवडले गेले ते होशरुबातलेच तुकडे, अमर आणि अफ्रासियाबच्या चकमकींचे. हमजा बहुतेक वेळा छावणीतच राहिला.