गोल्ड कोस्टमधील ब्रिटिश प्रशासन

पश्चिम आफ्रिकेतील आजच्या घाना देशावर स्वातंत्र्यापूर्वी चाललेली ब्रिटिशांची राज्यव्यवस्था. किनाऱ्यावर मिळणाऱ्या सोन्यामुळे युरोपीय व्यापाऱ्यांनी या प्रदेशाला ‘गोल्ड कोस्ट’ म्हटले. दक्षिणेकडील भाग १८७४ मध्ये वसाहत म्हणून जाहीर झाला आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. लंडनहून आलेला गव्हर्नर आणि त्याच्या हाताखालचे मूठभर गोरे अधिकारी एवढ्यांच्या बळावर हा कारभार चालणे शक्यच नव्हते. तो चालला स्थानिक राजे, दुभाषे, कारकून, शिपाई आणि हमाल यांच्या खांद्यावर. या माणसांना वगळून लिहिलेला गव्हर्नरांचा इतिहास अर्धाच राहतो.

पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये एल्मिना येथे किल्ला बांधला. पुढे डच, डेन (डेन्मार्कचे लोक), इंग्रज सगळेच आले आणि किनारा किल्ल्यांनी भरून गेला. सोन्यापाठोपाठ माणसांचा व्यापार सुरू झाला. ब्रिटिश व्यापारी कंपनी १८२१ मध्ये मोडीत निघाली आणि तिचे किल्ले सरकारकडे आले. गव्हर्नर चार्ल्स मॅकार्थी १८२४ मध्ये किनाऱ्यामागच्या जंगलपट्ट्यातील असांते राज्याच्या सैन्याशी लढताना मारला गेला. त्यानंतर सरकारने अंग काढून घेतले आणि किल्ले व्यापाऱ्यांच्या समितीकडे गेले. त्या समितीने नेमलेला जॉर्ज मॅक्लीन १८३० मध्ये आला. किल्ल्याच्या भिंतीबाहेर न्यायनिवाडा करण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार त्याला नव्हता. तरीही लोक आपली भांडणे त्याच्यापुढे आणत आणि त्याचा निवाडा मानत. या रूढ झालेल्या प्रथेला कागदावर आणणारा करार किनाऱ्यावरच्या फांटे लोकांच्या राजांनी ६ मार्च १८४४ रोजी केला. त्यात जमीन दिलेली नव्हती, फक्त गंभीर गुन्ह्यांच्या न्यायात ब्रिटिशांचा सहभाग मान्य केला होता. पण पुढच्या राज्यकर्त्यांनी त्या कागदाचा अर्थ हवा तसा ताणला. डेनांनी १८५० मध्ये आणि डचांनी १८७२ मध्ये आपले किल्ले ब्रिटिशांना दिले. १८७४ मध्ये ब्रिटिश सेनापती वुल्झलीच्या सैन्याने असांतेंची राजधानी कुमासी जाळली, त्याच वर्षी वसाहत जाहीर झाली. १८७७ मध्ये राजधानी केप कोस्टहून आक्रा येथे हलली. तेथील डेनांचा ख्रिश्चनबॉर्ग किल्ला पुढे गव्हर्नरचे निवासस्थान झाला. ज्या कोठड्यांतून गुलामांना जहाजांवर चढवले गेले, त्यांच्याच वर साहेबाचा दिवाणखाना होता.

असांतेंशी झालेला संघर्ष नीट समजून घ्यायचा तर एका आसनाची गोष्ट सांगावी लागते. आपण ज्या अर्थाने ‘गादी’ म्हणतो, त्याच अर्थाने या प्रदेशात ‘स्टूल’ म्हणतात. राजा स्टूलावर बसवला जातो, चुकला तर प्रजा त्याला स्टूलावरून उतरवू शकते. असांतेंचे सुवर्ण स्टूल मात्र वेगळे आहे. ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने ते आकाशातून उतरवले आणि पहिला राजा ओसेइ टुटू याच्या मांडीवर ठेवले, अशी परंपरा आहे. त्यात साऱ्या असांते लोकांचा आत्मा वसतो. त्यावर कोणीही बसत नाही, राजासुद्धा नाही. ते जमिनीला टेकवत नाहीत, समारंभात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन मांडतात.

ब्रिटिशांनी १८९६ मध्ये असांते राजा प्रेंपे याला अटक करून देशाबाहेर नेले आणि १९०० मध्ये त्याची रवानगी सेशेल्स बेटांवर केली. मार्च १९०० च्या अखेरीस गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीत आला. जमलेल्या सरदारांना त्याने सुनावले की प्रेंपे परत येणार नाही, युद्धाची भरपाई व्याजासह द्यावी लागेल. मग त्याने विचारले की सुवर्ण स्टूल कोठे आहे, मी राणीचा प्रतिनिधी असताना या क्षणी त्यावर बसलेला का नाही? सरदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते निघून गेले. हॉजसनला वाटत होते की तो सिंहासन मागतो आहे. ऐकणाऱ्यांच्या लेखी तो एका अख्ख्या समाजाचा प्राण मागत होता, आणि त्यावर बसण्याची भाषा करत होता. अधिकारी स्टूलाच्या शोधात गावोगाव फिरू लागले आणि युद्ध पेटले. एजिसू या गावची राजमाता ‘या असांतेवा’ (‘या’ हा तिच्या नावाचाच भाग) त्या युद्धाची नायिका झाली. कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला. आत अन्न संपत आले, तेव्हा २३ जून रोजी हॉजसन आणि त्याची पत्नी सैनिकांच्या एका तुकडीबरोबर वेढा फोडून किनाऱ्याकडे निसटले. शेवटी असांते हरले. ‘या असांतेवा’ सेशेल्सवर हद्दपार झाली आणि १९२१ मध्ये तेथेच वारली. स्टूल मात्र ब्रिटिशांच्या हाती कधीच लागले नाही. १९२० मध्ये रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांना ते पुरलेले सापडले आणि काही लोकांनी त्यावरचे दागिने काढून विकले, तेव्हा असांते समाज शोकात बुडाला. सरकारी मानववंशशास्त्रज्ञ रॅट्रे याने स्टूलाचा खरा अर्थ समजावून दिल्यावर सरकारने जाहीर केले की त्यावर आपला कोणताही दावा नाही. हेच १९०० मध्ये कोणी विचारून घेतले असते तर हजारो माणसे वाचली असती.

१ जानेवारी १९०२ पासून या प्रदेशाचे तीन भाग झाले : किनाऱ्याची वसाहत, खालसा केलेले अशांती (असांतेंचा मुलूख) आणि उत्तरेचा संरक्षित प्रदेश. तिन्हींवर एकच गव्हर्नर होता. अशांती आणि उत्तर प्रदेशासाठी प्रत्येकी एक चीफ कमिशनर होता, आणि खाली जिल्ह्याजिल्ह्यांत डिस्ट्रिक्ट कमिशनर. आपल्याकडच्या जुन्या कलेक्टरसारखाच हा माणूस न्यायाधीश, खजिनदार, तुरुंगाधिकारी आणि रस्ते बांधणारा असे सगळे काही असे. त्सेत्से माशीमुळे जंगलपट्ट्यात घोडे टिकत नसत, त्यामुळे फिरती पायी किंवा माणसांनी वाहिलेल्या झोळीतून होई. पुढे पोलीस, मागे डोक्यावर पेट्या, खाट आणि टेबल घेतलेल्या हमालांची रांग. कचेरीत साहेबाच्या कानावर पडे ते दुभाषी सांगेल तेवढेच, म्हणून दुभाष्याचे गावातले वजन मोठे असे.

प्रत्यक्ष कर बसवणे येथे फारसे जमले नाही. कारभार मुख्यतः जकातीवर चाले, आणि जकात पिके ती कोकोमुळे. टेटे क्वार्शी या लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोचे बी आणल्याचे सांगतात. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला. ही किमया मळेवाल्या गोऱ्यांची नव्हती, आफ्रिकी शेतकऱ्यांची होती. येथील जमीन बहुतांशी त्यांच्याच हाती राहिली, कारण १८९७ चे जमीनविषयक विधेयक किनाऱ्यावरच्या सुशिक्षितांनी आणि राजांनी एकत्र येऊन हाणून पाडले होते. त्यांचे शिष्टमंडळ थेट लंडनला जाऊन वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले आणि विधेयक मागे घेतले गेले. उत्तरेच्या वाट्याला मात्र शाळा आणि रस्ते फार कमी आले. खाणींना आणि शेतांना मजूर पुरवणारा मुलूख एवढीच त्याची गणती राहिली, आणि ती दरी आजही जाणवते.

गॉर्डन गुगिसबर्ग (कार्यकाल १९१९–२७) या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअर गव्हर्नरचे नाव घानात आजही आदराने घेतात. त्याने आधी याच प्रदेशाची मोजणी केली होती, त्यामुळे मुलूख त्याच्या पायाखालचा होता. ताकोराडीचे बंदर, आक्रातील कोर्ले बू रुग्णालय आणि १९२७ मध्ये उघडलेली अचिमोता ही शिक्षणसंस्था ही त्याची कामे. अचिमोताचे बोधचिन्ह म्हणजे पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. संस्थेचे उपप्राचार्य जेम्स अग्रे म्हणत की सुसंवाद हवा तर दोन्ही पट्ट्या वाजल्या पाहिजेत. प्रेंपेला १९२४ मध्ये मायदेशी परत येऊ दिले तेही याच कारकिर्दीत. पण गुगिसबर्गच्या १९२५ च्या राज्यघटनेने विधिमंडळात राजांना जे वजन दिले, त्यावर शहरी सुशिक्षित नाराज झाले. राजांमार्फत राज्य करण्याच्या या धोरणात राजाही कोंडीत सापडे : प्रजेला तो सरकारचा माणूस वाटे आणि सरकारला प्रजेचा. प्रशासनातल्या वरच्या जागा मात्र गोऱ्यांच्याच हाती राहिल्या. कोफी बुसिया आणि ए. एल. अडू हे दोघे पहिले आफ्रिकी सहायक डिस्ट्रिक्ट कमिशनर नेमले गेले ते १९४२ मध्ये, गव्हर्नर ॲलन बर्न्सच्या काळात. बुसिया पुढे स्वतंत्र घानाचे पंतप्रधान झाले.

दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे सैनिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. परतल्यावर नोकऱ्या नव्हत्या आणि महागाई भडकली होती. कोकोच्या रोगट झाडांची सरकारने चालवलेली तोड शेतकऱ्यांच्या डोळ्यांत सलत होती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी माजी सैनिक गव्हर्नरला अर्ज देण्यासाठी ख्रिश्चनबॉर्गकडे निघाले. वाटेतल्या चौकात पोलिसांनी त्यांना अडवले. शिपाई गोळी चालवेनात, तेव्हा इमरे या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याने स्वतः गोळीबार केला. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लँप्टे ठार झाले. साम्राज्यासाठी लढून जिवंत परतलेली ही माणसे आपल्याच राजधानीत, हातात अर्ज असताना मारली गेली. पुढच्या दंगलीत आणखी अनेक बळी गेले. चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने तर वसाहतीची १९४६ ची राज्यघटना जन्मतःच कालबाह्य होती, असा निर्वाळा दिला.

१९४९ मध्ये चार्ल्स आर्डन-क्लार्क गव्हर्नर होऊन आले. स्वातंत्र्य चळवळीचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी जानेवारी १९५० मध्ये सुरू केलेल्या ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ या आंदोलनामागे गांधीजींच्या सत्याग्रहाची प्रेरणा उघड होती. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत तुरुंगातूनच ते आक्रामधून प्रचंड मतांनी निवडून आले आणि त्यांच्या पक्षाने बहुमत मिळवले. आर्डन-क्लार्कने त्यांची सुटका केली, ख्रिश्चनबॉर्गला बोलावले आणि सरकार बनवण्यास सांगितले. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या हाती कारभार देणे सोपे नव्हते. या गव्हर्नरने ते कटुता न ठेवता केले आणि पुढची सहा वर्षे दोघांनी मिळून सत्तांतर पार पाडले. स्वातंत्र्यासाठी ६ मार्च हीच तारीख ठरली, फांटे राजांनी १८४४ मध्ये करार केला तो दिवस.

स्वतंत्र घानाचे पहिले गव्हर्नर-जनरल म्हणून आर्डन-क्लार्क काही महिने राहिले. त्यांच्यानंतर आलेले लॉर्ड लिस्टोवेल हे १९४७ मध्ये ब्रिटनचे अखेरचे भारतमंत्री होते. १ जुलै १९६० रोजी घाना प्रजासत्ताक झाला आणि गव्हर्नर-जनरलचे पद रद्द झाले.