दुहेरी टेनिस : डावपेच व सराव

दुहेरी टेनिस : प्रत्येक बाजूस दोन खेळाडू घेऊन खेळला जाणारा टेनिसचा प्रकार. पुरुष, महिला व मिश्र असे त्याचे तीन उपप्रकार रूढ आहेत. कोर्टाची लांबी एकेरीइतकीच (२३.७७ मी.) असते. रुंदी मात्र दोन्ही अंगांच्या १.३७ मी. पट्ट्यांमुळे ८.२३ मी.वरून १०.९७ मी. होते, सर्व्हिसची चौकट तीच राहते. म्हणजे खेळाडू दुप्पट होतात, पण रुंदी फक्त एक-तृतीयांशाने वाढते. त्यामुळे मोकळ्या जागेत चेंडू मारून गुण मिळवण्याची सोय दुहेरीत फारशी उरत नाही. ती जागा आधी निर्माण करावी लागते. दुहेरीच्या बहुतेक डावपेचांचे मूळ यात आहे. गुणपद्धतीचे विवेचन ‘टेनिस’ या नोंदीत आले आहे.

दोघांनीही नेटजवळ यावे, की एकाने नेटवर व दुसऱ्याने बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या सीमारेषेवर) राहावे, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. आरंभीच्या काळात ‘एक पुढे, एक मागे’ ही मांडणी सर्रास दिसे. दोघांनी बरोबरीने पुढे सरकण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः विल्यम व अर्नेस्ट रेनशॉ या इंग्रज जुळ्या भावांना दिले जाते. विंबल्डनला पुरुष दुहेरी १८८४ मध्ये सुरू झाली (तत्पूर्वी ही स्पर्धा ऑक्सफर्ड येथे होत असे) आणि पहिले विजेतेपद याच जोडीने मिळवले. १८८३ मध्ये क्लार्क बंधू ही अमेरिकन जोडी इंग्लंडला येऊन रेनशॉ बंधूंकडून हरली. त्या पराभवातूनच अमेरिकेत नवी पद्धत पोचली, असे सांगितले जाते.

तथापि सारे श्रेय व्यक्तींना देण्यापेक्षा नियमांतील बदलांकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. १८७७ च्या पहिल्या विंबल्डनमध्ये नेट मध्यभागी ३ फूट ३ इंच, तर खांबांपाशी तब्बल ५ फूट उंच होते. कडेने चेंडू काढणे अशा नेटवरून अवघड असे व नेटजवळचा एकटा खेळाडूही जड जाई. त्या वर्षीचा विजेता स्पेन्सर गोर याने व्हॉलीचा (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याचा) असाच लाभ उठवला. पुढच्या वर्षी फ्रँक हॅडोने त्याच्या डोक्यावरून लॉब (उंच उडवलेला चेंडू) टाकून त्याला हरवले. १८८० च्या दशकाच्या आरंभी खांबांपाशीची उंची आजच्या साडेतीन फुटांवर आली व कडेची वाट खुली झाली. एकट्याला नेट सांभाळणे कठीण झाले, तेव्हा दुसऱ्याने शेजारी येणे ओघानेच आले असावे. रेनशॉ बंधूंनी हे इतरांआधी ओळखले, एवढे मानण्यास हरकत नाही. महिला व मिश्र दुहेरीला विंबल्डनमध्ये अधिकृत स्थान १९१३ मध्ये मिळाले.

नेट आजही मध्यभागी कडांपेक्षा सुमारे १५ सेंमी. खाली असते. म्हणून दोघांच्या मधून मारलेला फटका सर्वांत कमी जोखमीचा; शिवाय ‘तुझा की माझा’ हा घोळ प्रतिस्पर्ध्यांत होतो तो वेगळाच. दोघेही उजवे असल्यास डाव्या बाजूच्या खेळाडूचा फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) मध्यभागी येतो, त्यामुळे मधला चेंडू त्याचा, असा संकेत आहे.

सर्व्हिसच्या वेळी जोडीदाराने कोठे उभे राहावे यावर नियमांचे बंधन नाही. यातूनच निरनिराळ्या रचना निघाल्या. नेहमीच्या रचनेत तो सर्व्हिस करणाऱ्याच्या विरुद्ध अर्ध्यात, नेटपासून दोन-तीन मीटरवर उभा असतो. तो सर्व्हिस करणाऱ्याच्याच अर्ध्यात उभा राहिला, तर त्या रचनेस ऑस्ट्रेलियन किंवा टँडम म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा हुकमी क्रॉसकोर्ट (तिरका) परतीचा फटका अडवून त्याला कडेने मारायला लावणे, हा तिचा हेतू. ‘आय’ रचना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विशेष रुळली. तीत जोडीदार मधल्या रेषेजवळ नेटच्या पातळीखाली दबून बसतो व सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाते. पाठीमागे धरलेल्या हाताने त्याने आधीच खूण केलेली असते : बहुधा उघडा पंजा म्हणजे ‘मी सरकणार’, मूठ म्हणजे ‘इथेच राहणार’, सर्व्हिस कोठे हवी ते बोटांनी सांगतात. खुणा जोडीगणिक बदलतात. तो ज्या बाजूस झेपावेल तिच्या विरुद्ध बाजू सर्व्हिस करणाऱ्याने झाकायची. सर्व्हिस मधल्या रेषेवर पडली तर परतीचा कोन आखडतो, म्हणून या रचनेत तीच पसंत केली जाते. चौकटीच्या बाहेरच्या कडेला पडलेली सर्व्हिस रचनाच उधळू शकते.

आडवे जाऊन प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मध्येच टिपणे म्हणजे पोचिंग. नवशिके लवकर निघतात किंवा नेटला समांतर धावतात. परत करणाऱ्याची रॅकेट पुढे येऊ लागली की निघावे व तिरके, नेटच्या दिशेने जावे. व्हॉली समोरच्या नेटवरील खेळाडूच्या पायाशी मारणे उत्तम. पोचिंगवर उतारा म्हणजे पुढे येणाऱ्या सर्व्हिसकर्त्याच्या पायाशी बुडणारा परतीचा फटका, नेटवाल्यावरून लॉब, किंवा सामन्याच्या सुरुवातीलाच त्याच्या कडेने मारलेला एखादा फटका. हा गुण गेला तरी चालतो. पुढे तो सरकताना बिचकतो.

सरावासाठी चौघे लागतातच असे नाही. दोघांनी कडेच्या पट्टीसह तिरक्या अर्ध्या कोर्टात सर्व्हिस, परतीचा फटका व पहिली व्हॉली एवढाच सामना खेळावा. अर्ध्याबाहेरचा चेंडू बाद. क्लबात हा सराव टाळून चौघे थेट सेट खेळायला उभे राहतात, आणि परतीचा फटका वर्षानुवर्षे तसाच राहतो. चौघे असल्यास सर्वांनी सर्व्हिस-रेषेवरून केवळ व्हॉली खेळत पुढे सरकावे. रॅकेट छातीसमोर ठेवण्याची सवय यातून लागते. लॉब पडताच मागच्याने ‘बदल’ म्हणून ओरडणे व दोघांनी बाजू बदलणे, हेही घोटून घ्यावे लागते.

भारताचे टेनिसमधील यश मुख्यतः दुहेरीतले आहे. लिअँडर पेस व महेश भूपती यांनी १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम (सर्वांत मोठ्या) स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठून फ्रेंच व विंबल्डन जिंकली. पेसचे नेटवरील प्रतिक्षिप्त चापल्य व भूपतीचे परतीचे फटके हा श्रमविभागणीचा नमुना होय. सानिया मिर्झा व मार्टिना हिंगिस यांनी २०१५-१६ मध्ये सलग ४१ सामने जिंकले. महाराष्ट्रातील गौरव नाटेकर यांनी पेससह १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचे, तर ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णासह २०२३ मध्ये हांगझोऊ येथे मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले.