आत्याचा गुडघा बदललाय, पोराचं लिगामेंट बसवलंय: दोघांना एकच कॅलेंडर लावू नका

सोलापुरात "गुडघ्याचं ऑपरेशन झालं" एवढं म्हणायचा अवकाश, समोरचा पुढचं ऐकतच नाही. लगेच चालू, आमच्या आत्याचं झालं की, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, दोन महिन्यांत रूपाभवानीला जाऊन आली, आणि तू एवढा तरणा गडी अजून कुबडी घेऊन हिंडालास का बे? हे ऐकून घेणारा असतो कबड्डीत चढाईवरून परत वळताना गुडघा फिरलेला पोरगा, एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी आतून बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलेला. त्याला वाटतं आपलंच काहीतरी बिनसलंय, आणि मग तो घाई करतो.

रिप्लेसमेंटवर फार लिहीत नाही, ते घरोघरी माहितीय, २००० साली वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत बदलला तेव्हापासून तर जास्तच. झिजलेल्या हाडांची टोकं कापून धातूचे भाग बसवायचे, मध्ये प्लास्टिक, बहुतेक वेळा सिमेंट लावून पक्कं. पेशंट साठीच्या आसपासचा, चिरा मोठा. एसीएलचं दुर्बिणीतून, टाके थोडे, पेशंट तरुण. टाके थोडे म्हणजे ऑपरेशन किरकोळ असं समजणारेही भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. एक गंमत मात्र सांगतो, बहुतेक पूर्ण रिप्लेसमेंटमध्ये एसीएल काढूनच टाकतात, म्हणजे ज्याच्यासाठी पोराचं वर्ष चाललंय ते आत्याच्या गुडघ्यात शिल्लकच नाही.

आता खरा घोळ. आत्याचा सिमेंटनं बसवलेला सांधा पहिल्याच दिवसापासून वजन घ्यायला तयार असतो, धातूला बरं व्हायचं नसतं. तिचं दुखणं आणि सूज भोवतालच्या मांसाची, ते जसं ओसरेल तशी ती पुढं जाते. दुखायचं कमी झालं म्हणजे चालायचं वाढवा, हा हिशोब तिच्यापुरता बरोबर आहे.

पोराच्या गुडघ्यात हा हिशोब उलटा पडतो. तुटलेलं एसीएल बहुतेकदा नुसतं शिवून भागत नाही, म्हणून त्याच्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) नाहीतर वाटीखालचा टेंडन काढतात, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून त्यातून ओवतात आणि बटण नाहीतर स्क्रूनं अडकवतात. हा ग्राफ्ट. पण तो जागेवरून काढला तेव्हाच त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यामुळं आत बसवल्यावर आधी त्यातल्या पेशी मरतात, मग बाहेरून नव्या रक्तवाहिन्या शिरायला लागतात, नव्या पेशी येतात, त्या जुने धागे मोडून नवे घालत बसतात. हे चालू असताना ग्राफ्ट बसवला त्या दिवशी होता त्यापेक्षा कच्चा होतो. हो, कच्चा. सुरुवातीचे आठवडे सगळी भिस्त स्क्रूवर, बोगद्यातल्या हाडाला तो घट्ट धरायला साधारण दोन-तीन महिने जातात, आणि त्याच सुमाराला ग्राफ्टची स्वतःची ताकदही तळाला असते. तिथून ती हळूहळू चढते, वर्ष जातं, आतलं काम तर त्यानंतरही चालूच राहतं.

आणि नेमकं याच दोन-तीन महिन्यांत पोराला सगळ्यात भारी वाटत असतं. सूज उतरलेली, गुडघ्याला आधाराला बांधलेला ब्रेस सुटलेला (मे महिन्यात सोलापुरात ब्रेस घालून बसलेल्यालाच त्याची किंमत कळते), जिना जमतोय, दुखत तर काहीच नाही. ग्राफ्ट कच्चा आहे म्हणून आतून कुणी ओरडून सांगत नाही. घरचे खूश, मित्र बोलवायला आलेले, आणि हा म्हणतो नुसता उभा राहतो कोपऱ्यात, चढाई नाही करत. कबड्डीत कोपऱ्यात नुसतं उभं राहता येतं का?

"अरे पण चालताना काहीच होत नाही" हा पुरावा तर मला ऐकवतच नाही. नडगी पुढं सरकू न देणं आणि पाय रोवून वळताना गुडघा फिरू न देणं हे एसीएलचं मुख्य काम, सिद्धेश्वर तलावाला सरळ चक्कर मारायला त्याची फारशी गरजच पडत नाही. तुटलेल्या एसीएलवर लोक नोकऱ्या करतात, वर्षानुवर्षं चालतात, म्हणून तर प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. चालता येण्यावरून ग्राफ्टचं काहीही कळत नाही.

मग मैदानात कधी? नऊ महिन्यांच्या आत नाही, यावर मी वाद घालत नाही. २०१६ साली आलेल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळायला जाणं जेवढे महिने लांबवाल, तेवढं दर महिन्यामागं पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटतं. ऋषभ पंतचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये झालं आणि मॅच खेळला तो मार्च २०२४ मध्ये. त्याचं तर कार अपघाताचं मोठं प्रकरण होतं, मान्य, पण त्याच्या दिमतीला जे होतं ते आपल्याकडं नाही हेही बघा की.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर याचीच वेगळी आवृत्ती निघते, ऑगस्टमध्ये ऑपरेशन आणि संक्रांतीला नंदीध्वज पेलायचा हट्ट. श्रद्धेबद्दल बोलत नाही, पण एवढी उंच जड काठी तोलत, गर्दीत पाय रोवत, वळत जायचं म्हणजे ज्याला एसीएल लागतं तेच सगळं, तेही पाचव्या महिन्यात. यंदा बाराबंदी घालून नुसतं मिरवणुकीत चाल, काठी भाऊ धरेल.

घरच्यांचा आणखी एक घोळ, उशी. आत्याला बरं वाटायचं म्हणून गुडघ्याखाली उशी सरकवतात, खरंतर तिलाही नको असते, पोराला तर नकोच नको. पहिल्या दोन आठवड्यांत किती वाकतोय यापेक्षा पूर्ण सरळ होतोय का ते बघा. सरळपणा अडकला की लंगडणं चिकटतं, कधीकधी पुढं तेवढ्यासाठी परत दुर्बीण घालावी लागते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

मालिशवाल्याकडं पैसे घालू नका, ते मांडीच्या पुढच्या स्नायूवर घाला, ऑपरेशननंतर तो अक्षरशः झोपतो आणि चोळून उठत नाही, वजन उचलून उठतो. मेडिकलमधल्या इलास्टिकच्या नी-कॅपवरही विसंबू नका, पायाला पकड बसली की ती काहीही अडवत नाही. आणि संघ चालवणाऱ्यांनो, पोरगा फिट आहे म्हणाला म्हणून यादीत नाव घालू नका. नऊ महिने झालेत का विचारा, फिजिओकडून दोन्ही पायांचा जोर आणि एका पायावरच्या उड्या मोजून आणायला लावा, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. ८० आला तर पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवा, स्पर्धा पुढच्या वर्षीपण आहेच.