महाराष्ट्र विधानसभेतील आदिवासी प्रतिनिधित्व

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातील आदिवासींची संख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होती. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, कोरकू, कोलाम अशा अनेक जमाती या एका सरकारी नावाखाली येतात. मुंबई प्रांताच्या काळातील एका जागेपासून आजच्या पंचविसांपर्यंतचा हा प्रवास वरवर सरळ वाढीचा दिसतो. पण आदिवासी म्हणून कोणाला मोजायचे आणि मतदारसंघाची रेघ कुठून ओढायची, या दोन प्रश्नांवर तो दर टप्प्याला अडखळला आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतिक विधानसभांत ‘मागास क्षेत्रे व जमाती’ यांच्यासाठी देशभरात मिळून २४ जागा ठेवल्या. त्यांतल्या ९ आसामला आणि ७ बिहारला गेल्या. १७५ सदस्यांच्या मुंबई विधानसभेला एक मिळाली, मध्य प्रांत व वऱ्हाडलाही एकच. मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणावर ठरत असल्याने वेठबिगारीत अडकलेल्या वारल्याला किंवा सातपुड्यातल्या भिल्लाला तो सहसा मिळतच नसे. अक्राणी, नवापूर, पेठ, मोखाडा, डहाणू हे भाग ‘अंशतः वर्जित क्षेत्रे’ म्हणून गव्हर्नरच्या खास अधिकाराखाली होते. त्या काळी आदिवासींची बाजू बहुधा बिगर आदिवासीच मांडत. बाळासाहेब खेर यांनी आदिवासी सेवा मंडळ उभे केले, तर डहाणू-उंबरगाव पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांना संघटित केले. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाने वेठीवर घाव घातला. विधानसभेतल्या एका जागेतून तेवढे कधीच साधले नसते.

घटनेच्या ३३२ व्या कलमाने राज्य विधानसभांत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या आणि प्रौढ मताधिकाराने मतदानाची दारे उघडली. ३३४ व्या कलमात या तरतुदीला दहा वर्षांची मुदत होती. ती दर दहा वर्षांनी वाढवली गेली असून १०४ व्या घटनादुरुस्तीनुसार आता २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. सुरुवातीच्या निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. एकाच मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन प्रतिनिधी निवडून येत. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकी १४, तर १९६७ मध्ये २७० पैकी १६ जागा अनुसूचित जमातींच्या वाट्याला आल्या. १९७८ पासून सभागृह २८८ जागांचे झाले आणि राखीव जागा २२ झाल्या.

त्याआधीची दोन वर्षे या विषयात निर्णायक ठरली. तोपर्यंत अनेक जमातींना ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित जमातीचा दर्जा होता. रेषेपलीकडे राहणारा सख्खा भाऊ सरकारदरबारी आदिवासी नसे. ही विसंगती दूर करणारा कायदा १९७६ साली झाला आणि जुलै १९७७ पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्याला ‘क्षेत्रबंधन उठणे’ म्हणतात. त्यातून खऱ्या आदिवासींवरचा जुना अन्याय दूर झाला, पण नामसाधर्म्याचा आधार घेणाऱ्यांनाही वाट मिळाली. १९७१ मध्ये राज्यात सुमारे २९.५ लाख आदिवासी नोंदले गेले होते, १९८१ मध्ये ५७.७ लाख. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झालेला हा आकडा जन्मदराने समजावता येत नाही. हलबा आणि हलबा-कोष्टी, महादेव कोळी आणि इतर कोळी हे वाद तिथूनच पेटले. ‘बोगस आदिवासी’ हा शब्द आदिवासी आमदारांच्या भाषणांत तेव्हापासून आजवर सतत येतो, आणि त्यामागची वेदना खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हलबा-कोष्टींच्या दाव्यावरील मिलिंद प्रकरणात राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचावी, असे बजावले. २०१७ मध्ये अवैध प्रमाणपत्रावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. या दोन्ही निकालांनंतरही अंमलबजावणीचा लढा विधानसभेत लढावा लागला.

२००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या, मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेने जागा २५ झाल्या, पण जव्हार, वाडा, सुरगाणा, अक्राणी ही मतदारसंघांची नावे नकाशावरून गेली. आज नंदुरबारमध्ये चारही, नाशिक आणि पालघरमध्ये प्रत्येकी चार, गडचिरोलीत तीनही जागा राखीव आहेत. ठाणे, धुळे आणि यवतमाळमध्ये प्रत्येकी दोन, तर जळगाव, अमरावती, गोंदिया आणि अहिल्यानगरमध्ये एकेक आहे. आदिवासींचे प्रमाण जिथे सर्वाधिक तिथे जागा राखीव करावी, असा नियम असल्याने एकगठ्ठा वस्तीला प्रतिनिधी मिळतो, विखुरलेलीला मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात आदिवासी ८ टक्क्यांच्या आसपास, पण ते अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात एकवटले आहेत, म्हणून एक जागा. रायगडमध्ये ११ टक्क्यांहून अधिक आदिवासी असूनही सातपैकी एकही जागा राखीव नाही. तिथला कातकरी वीटभट्टीमागे सहा-सहा महिने घराबाहेर असतो आणि त्याची वाडी दहा गावांच्या कडेला पसरलेली असते. आदिम जमात म्हणून केंद्राने वेगळी नोंदलेली ही जमात या नियमात नेमकी निसटते.

दुसरी गोष्ट मतदारांची. राखीव जागेवर उमेदवार आदिवासी असतो, मतदार सगळे असतात. गडचिरोली जिल्ह्यात आदिवासी सुमारे ३९ टक्के आहेत, म्हणजे तिथल्या आमदाराला निवडून येण्यासाठी बिगर आदिवासींची मते मिळवावीच लागतात. वनहक्क, जमिनीचे हस्तांतरण, पेसा (अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) या प्रश्नांवर तो किती ताठ उभा राहतो, हे पुष्कळदा या हिशेबावर अवलंबून असते.

तरीही या जागांनी मोठी माणसे घडवली. मधुकर पिचड अकोले मतदारसंघातून १९८० पासून सलग सात वेळा निवडून आले आणि १९९५ मध्ये विरोधी पक्षनेते झाले. राळेगावचे वसंत पुरके आणि दिंडोरीचे नरहरी झिरवाळ यांनी विधानसभेचे उपाध्यक्षपद सांभाळले. नवापूरचे सुरूपसिंग नाईक आणि अक्कलकुव्याचे के. सी. पाडवी यांनी काँग्रेसचा खानदेशातील पाया अनेक दशके राखला, तर विष्णू सावरा यांनी ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात भाजपला आदिवासी चेहरा दिला. सुरगाणा-कळवणचे माकप आमदार जिवा पांडू गावित यांची वाट वेगळी होती. सात वेळा निवडून आलेला हा माणूस मार्च २०१८ मध्ये आमदार असतानाच नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान लाँग मार्चच्या आघाडीवर होता. वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढण्याचे लेखी आश्वासन त्या पायपिटीने मिळवले.

धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेण्याची मागणी पुढे आली, तेव्हा पक्षापलीकडची एकजूट दिसली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द उपाध्यक्ष झिरवाळ यांनी काही आदिवासी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयात सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या. धनगर समावेशाला विरोध आणि पेसा क्षेत्रातील रखडलेली भरती ही त्यामागची कारणे होती. हे बहुतेक सत्ताधारी बाजूचे होते. सभागृहाच्या आसनावर बसणाऱ्याला जाळीवर उतरावे लागले, यावरून आपल्याच सरकारात त्यांचा आवाज किती पोहोचत होता ते कळते.

विधानसभेबाहेर घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार जनजाती सल्लागार परिषद आहे. तिच्यात वीसपर्यंत सदस्य असतात आणि शक्यतो तीन चतुर्थांश आदिवासी आमदार असावे लागतात. तिचे काम सल्ल्यापुरते आहे.

शेजारच्या गोव्यात मोजणीचा तोच प्रश्न अधिक उघडा पडला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याआधीच्या २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे अवघे ५६६ लोक नोंदले होते. त्यामुळे २००८ च्या पुनर्रचनेत ४० पैकी एकही जागा राखीव झाली नाही. २०११ मध्ये हीच संख्या १ लाख ४९ हजारांवर, दहा टक्क्यांपुढे होती. जागा राखीव करण्यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने ते संमत केले.