मूर्तिपूजेचा आरोप आधी कोणावर होता?

पैसा, करिअर, राष्ट्र किंवा एखादा लोकप्रिय उपदेशक यांचीही मूर्ती होऊ शकते, असे आजच्या ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार सांगितले जाते. हा विचार अलीकडचा वाटतो, पण त्याची मुळे बायबलच्या जुन्या करारातच आहेत.

त्यातील निर्गम या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन सोन्याचे वासरू घडवतो, तेव्हा तो परक्या देवाचा जयघोष करत नाही. उद्या परमेश्वराचा उत्सव आहे, असेच तो जाहीर करतो. देवाचे नाव कायम ठेवून त्याच्या जागी सोयीची वस्तू बसवण्याचा हा प्रकार होता. पितळी सापाची गोष्ट मला याहूनही बोलकी वाटते. अरण्यात सर्पदंश झालेल्यांनी त्याच्याकडे पाहून वाचावे म्हणून मोशेने तो देवाच्याच आज्ञेवरून केला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि अखेर यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याचे तुकडे केले. दोन्ही ठिकाणी आरोपी देवाचे स्वतःचेच लोक आहेत.

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. इ.स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्रश्न आणखी व्यवहारात आणला: ख्रिस्ती माणसाने मूर्ती घडवाव्यात का, धूप विकावा का, देवांच्या कथा शिकवणाऱ्या शाळेत मास्तरकी करावी का? त्याची उत्तरे कमालीची कडक आहेत, पण रोजच्या पोटापाण्याच्या धंद्याकडे या नजरेने पाहण्याची सवय तिथे दिसते.

त्यानंतर वाद बराच काळ चित्रे आणि पुतळे यांच्याभोवती फिरला. 787 मध्ये निकिया येथील चर्चच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना मान द्यावा, आराधना मात्र देवाचीच करावी, असा निर्णय दिला. 1524 मध्ये, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, झुरिकच्या चर्चमधून या प्रतिमा काढून टाकण्यात आल्या. याच काळात सुधारक ल्यूथरने 1529च्या आपल्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत, तुमचे मन ज्याला चिकटते आणि ज्यावर विसंबते तोच खरा तुमचा देव, असे सांगितले, तर दुसरा सुधारक कॅल्व्हिन याने माणसाच्या मनालाच मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना म्हटले. हे अंतर्मुख वळण मात्र सर्वत्र टिकले नाही. 1540च्या सुमारास गोव्यात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी मिशनरी लेखनातही मूर्तिपूजा हा बहुधा शेजाऱ्याचा दोष ठरला. आपल्याकडे या शब्दाला आजही तीच वादाची धार आहे, त्यामुळे स्वतःकडे पाहण्यासाठी तो वापरणे अवघड जाते.

आधुनिक काळात प्रतिकाराचा सर्वांत ठळक प्रसंग जर्मनीतला आहे. हिटलरच्या राज्यात ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा गट वंश आणि राष्ट्र यांतच ईश्वरी प्रकटीकरण पाहू लागला, तेव्हा मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी, मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी लिहिलेल्या घोषणापत्राद्वारे, येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असून त्याच्याजोगा मान दुसऱ्या कोणत्याही घटनेला, सत्तेला वा व्यक्तीला देणे चर्चला मान्य नाही, असे जाहीर केले. मात्र त्या घोषणापत्रात ज्यूंच्या छळाबद्दल एक अक्षरही नव्हते, आणि ही आपली चूक होती हे बार्थ यांनी पुढे 1967 मध्ये मान्य केले.