कल्याणच्या अलीकडे, कल्याणच्या पलीकडे

कसारा घाट उतरला की जळगाव-चाळीसगावकडच्या प्रवाशाला शेजारून लोकल धावताना दिसते. मार्ग तोच, आणि कंपनीही मुळात एकच: जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. मग लोकल घाटाखालीच का राहिली?

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली. १८६५मध्ये थळ घाट, म्हणजे हाच कसारा घाट, खुला झाला आणि खान्देश मुंबईशी सलग जोडला गेला. ही लाईन बांधली जात होती तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा होता. खान्देशात रूळ आले ते मुख्यतः कापूस बंदरावर न्यायला. १९००च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा झाला, सुरतेहून तापी खोऱ्यातली लाईन अमळनेरला आली. त्यामागेही माल होताच. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज, आपली 'पीजे', नंतरची. तिच्यात मात्र माणसं बसली, बाजारहाट झाला, शाळा-कॉलेजं झाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली. आता तिथे ब्रॉडगेज व्हायची आहे.

मुंबईत गिरणी आणि कचेरी शहरातच असल्याने रोज माणसंच न्यायची होती. १८७४ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ला विजेची. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी-कुर्ला विजेची लोकल सुरू झाली. ३१ मार्च १९६४ला ट्राम बंद पडली आणि वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली ती थेट २०१४ला. म्हणजे ट्राम, लोकल आणि मेट्रो मुंबईत एकत्र कधी नांदलीच नाहीत. ते कोलकात्यात घडलं.

इकडे सीएसएमटी-कल्याण आणि चाळीसगाव-धुळे ही अंतरं जवळपास सारखीच. जळगाव-भुसावळ तर त्याच्या निम्म्याहून कमी. या पट्ट्यात अप-डाऊन करणारे काही थोडेथोडके नाहीत. पण त्यांच्या वाट्याला मोजक्या मेमू, म्हणजे विजेवरच्या कमी अंतराच्या पॅसेंजर गाड्या, येतात, आणि मेल-एक्स्प्रेसला वाट देत त्या बाजूला उभ्या राहतात. मेट्रोची स्वप्नं राहू द्या, आधी या मेमू वाढाव्यात.

२०२४ला मंजूर झालेली ३०९ किलोमीटरची मनमाड-इंदूर लाईन धुळ्यावरून जाणार आहे. मुंबई-इंदूर अंतर कमी करणं हा तिचा मोठा हेतू. धुळे-शिरपूर रोज ये-जा करणाऱ्याला तिच्यात सकाळची किती वाजताची गाडी मिळणार, हे वेळापत्रक आल्यावरच दिसेल.