११७ विजय, ११७ पराभव

१५ डिसेंबर २०१९ रोजी न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाने मायामीला ३६-२० असं हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ईलाय मॅनिंगचा तो शेवटचा सामना. त्याच्या नावापुढचा हिशेब तिथे थांबला तो तंतोतंत बरोबरीत: साखळी सामन्यांत ११७ विजय आणि ११७ पराभव. याच माणसाकडे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, दोनदा जिंकल्याच्या अंगठ्या आहेत, आणि त्या दोन्ही सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला होता.

इथे न्यू जर्सीत हा वाद दर हिवाळ्यात पेटतो. त्यात मराठी घरंही आली, कारण आमची मुलं हाच खेळ बघत वाढली आहेत. एक बाजू म्हणते, मोठ्या सामन्यात पाय रोवून उभा राहणारा असा दुसरा नाही. दुसरी म्हणते, दोनदा नशीब फळलं म्हणून साधारण खेळाडूला उगाच डोक्यावर घेतलंय. मी जायंट्सचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मला या भांडणाची ओढ वाटते ती वेगळ्या कारणाने. संघाच्या यशातला एका माणसाचा वाटा किती, हा संख्याशास्त्रातला फार अवघड प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

क्रिकेटमध्ये चेंडू आणि बॅट यांची गाठ थेट पडते, धावा ज्याच्या त्याच्या नावावर जमा होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसं नाही. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की समोरचे पाच धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्यांना अडीच-तीन सेकंद अडवून धरतात. तेवढ्यात त्याने मोकळा रिसीव्हर हेरायचा आणि चेंडू फेकायचा. रिसीव्हर ठरलेल्या वाटेने धावला पाहिजे आणि त्याने झेलही घेतला पाहिजे. चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला तर ते इंटरसेप्शन, आणि ते क्वार्टरबॅकच्या खात्यावर चढतं, मग चेंडू आपल्याच रिसीव्हरच्या हातावर आपटून उडालेला का असेना.

चाहत्यांचं लाडकं शस्त्र म्हणजे ‘पासर रेटिंग’. १९७३ पासून व्यावसायिक लीग ते वापरते. यशस्वी फेकींचं प्रमाण, दर फेकीमागे मिळालेले यार्ड, टचडाउनचं (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याचं) प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण अशा चार गोष्टी मिसळून हा आकडा निघतो. कमाल मर्यादा १५८.३. मॅनिंगचं कारकिर्दीचं रेटिंग ८४.१ आहे. त्याच्याच काळातला क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सचं ९५ च्या आसपास.

रिव्हर्सचं नाव मुद्दाम घेतलं. २००४ मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा सॅन डिएगोने मॅनिंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं, जायंट्सनी रिव्हर्सला चौथ्या, आणि त्याच दिवशी दोघांची अदलाबदल झाली. प्रयोगशाळेत मांडावा तसा प्रयोग आपोआप घडला. रिव्हर्सने १३० हून अधिक सामने जिंकले, पण तो सुपर बोलपर्यंत कधीच पोहोचला नाही. सर्वांत जवळ गेला तो जानेवारी २००८ मध्ये. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध खेळला आणि हरला. त्याच पेट्रियट्सना दोन आठवड्यांनी मॅनिंगच्या जायंट्सनी अंतिम सामन्यात गाठलं. हा प्रयोग मात्र अपुरा आहे. खेळाडू बदलले तसे त्यांचे प्रशिक्षक, रिसीव्हर आणि बचावफळ्याही वेगळ्या झाल्या, आणि नमुना केवळ दोघांचा.

पासर रेटिंगची खरी उणीव ही की त्याला प्रसंग कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तिसऱ्या प्रयत्नात चार यार्ड हवे असताना पाच मिळाले तर ते सोनं, पंधरा हवे असताना पाच मिळाले तर जवळजवळ फुकट. रेटिंगच्या लेखी दोन्ही सारखेच. यावरचा तोडगा एका क्वार्टरबॅकनेच काढला. व्हर्जिल कार्टर व्यावसायिक फुटबॉल खेळत होता तेव्हाच त्याने प्राध्यापक रॉबर्ट मॅकोल यांच्यासोबत १९६९ च्या हंगामातल्या हजारो चाली तपासल्या आणि १९७१ मध्ये शोधनिबंध लिहिला. मैदानाच्या अमुक ठिकाणी चेंडू आपल्याकडे असेल तर पुढे सरासरी किती गुण मिळतात, हे त्यांनी मोजलं. स्वतःच्या गोलरेषेला खेटून असताना ही अपेक्षा शून्याच्याही खाली जाते, म्हणजे पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळण्याची शक्यता जास्त. चालीआधीची अपेक्षा आणि चालीनंतरची अपेक्षा यांतला फरक हीच त्या चालीची किंमत. आज चाहते ज्या ‘ईपीए’वरून (चालीने अपेक्षित गुणांत घातलेली भर) हमरीतुमरीवर येतात, त्याचं मूळ या कल्पनेत आहे. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. पण तीही चालीची किंमत सांगते, माणसाची नाही. अकरा जणांत ती कशी वाटायची, हा प्रश्न उरतोच.

त्यावर आता खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवलेल्या असतात. त्या सेकंदाला दहा वेळा खेळाडूची जागा नोंदवतात. चेंडू किती लांब फेकला, रिसीव्हरजवळ प्रतिस्पर्धी किती अंतरावर होता, क्वार्टरबॅकवर किती दडपण होतं, यांवरून ती फेक यशस्वी होण्याची शक्यता काढतात आणि खेळाडू तिच्या वर गेला की खाली, ते पाहतात. मॅनिंगची बहारीची वर्षं मात्र या चिपांच्या आधीची.

आता नशिबाचा हिशेब. मॅनिंगची कारकिर्दीतली इंटरसेप्शन २४४, म्हणजे दर शंभर फेकींमागे साधारण तीन. हंगामात साडेपाचशे फेकी धरल्या तर सरासरी सोळा-सतरा. पण कौशल्य तसूभरही न बदलता हा आकडा निव्वळ योगायोगाने चारेकने वर किंवा खाली जाऊ शकतो. बारा झाली की ‘परिपक्व झाला’ आणि वीस झाली की ‘संपला’ अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात मॅनिंगचे आकडे पाहा: २०१२ मध्ये १५, २०१३ मध्ये २७, २०१४ मध्ये १४. मधलं वर्ष एवढं टोकाचं आहे की सगळा दोष योगायोगाला देता येत नाही. पण टोकाच्या वर्षानंतर आकडा सरासरीकडे परतणार, हे कुणी काही केलं नसतं तरी अपेक्षितच होतं. २०१४ मध्ये आक्रमणाची सूत्रं नव्या प्रशिक्षकाकडे आली आणि सुधारणेचं श्रेय त्यांना मिळालं. त्यांनी आखूड पासवर भर दिला, त्याचा उपयोगही झाला असणार. तरी त्या श्रेयातला बराच भाग सरासरीचा होता, असं माझं मत आहे.

आणि मग ३ फेब्रुवारी २००८ ची ती रात्र. पेट्रियट्स त्या हंगामात एकही सामना हरलेले नव्हते. जायंट्स १०-१४ असे मागे, सव्वा मिनिट उरलेलं. तिसऱ्या प्रयत्नात मॅनिंगच्या जर्सीला प्रतिस्पर्ध्यांनी धरलं होतं. तो हिसका देऊन निसटला आणि त्याने चेंडू उंच भिरकावला. डेव्हिड टायरीने तो एका हाताने हेल्मेटवर दाबून धरला. ३२ यार्ड. टायरीने त्या अख्ख्या साखळी हंगामात फक्त चार झेल घेतले होते. काही क्षणांनी टचडाउन झालं, १७-१४.

ही चाल सगळ्यांना पाठ आहे. तिच्या आधीची चाल फारशी कुणाला आठवत नाही. त्या चालीत मॅनिंगने फेकलेला चेंडू पेट्रियट्सच्या असांते सॅम्युअलच्या उंचावलेल्या हातांना लागून निसटला. तो हातात राहिला असता तर सामना जवळपास तिथेच संपला असता. मॅनिंगने तोच निर्णय घेतला असता, तशीच फेक केली असती, आणि आज त्याची ओळख वेगळी असती. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, त्याच माहितीवर घेतलेला, रुग्ण दगावला असं कळल्यावर लोकांना कमी शहाणपणाचा वाटतो. आपण निर्णयाला गुण देतोय असं वाटतं, देत असतो निकालाला. त्या रात्री जायंट्सच्या बचावफळीने पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पाच वेळा आडवा केला आणि विक्रमी गुण मिळवणाऱ्या संघाला १४ वर रोखलं. तरी पारितोषिक मिळालं क्वार्टरबॅकला.

मॅनिंग सहा हंगामांत बाद फेरीत खेळला. दोनदा चारही सामने जिंकून विजेता ठरला, उरलेल्या चारही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा मानून मी हिशेब केला. सहापैकी एका वर्षी पहिली फेरी माफ होती, तेही धरलं. अशा सहा संधींत किमान दोन विजेतेपदं मिळण्याची शक्यता शंभरात सहा-सात येते. एका माणसापुरती ती कमी आहे. पण एका पिढीत बाद फेरी वारंवार खेळलेले पंधरा-वीस क्वार्टरबॅक असतात, आणि त्यांच्यातल्या कुणा एकाला केवळ नाण्याच्या जोरावर हे साधणं मुळीच नवलाचं नाही. म्हणजे त्याने ते नशिबानेच मिळवलं असं सिद्ध होत नाही. बारा सामन्यांच्या नमुन्यातून ‘मोठ्या सामन्याचा खेळाडू’ हा गुण सिद्ध होत नाही, इतकंच म्हणता येतं.

२०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, मॅनिंगचं नाव पहिल्यांदा विचारात आलं आणि त्याची निवड झाली नाही. त्यावरच्या भांडणात दोन्ही बाजू अंगठ्यांवरच अडून बसल्या. मला कुणी विचारलं तर मी अंगठ्या बाजूला ठेवून दुसरा आकडा पुढे करेन: २१०. नोव्हेंबर २००४ ते नोव्हेंबर २०१७ एवढ्या साखळी सामन्यांत तो एकही न चुकवता सलग सुरुवातीपासून मैदानात उतरला, आणि त्याच्या अंगावर दर आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोची माणसं कोसळत होती.